बेहड्यावरची हाळी

जनावरंही शिकायला जात त्या काळची गोष्ट. एका रानात बेहड्याच्या झाडाखाली त्यांचं विद्यापीठ भरे. शेंड्यावर बसून विद्यापीठाचा वानर साऱ्या रानाला हाळी देई: पाणी कुठे आहे, बिबट्या कुठे फिरतोय. आवाज असा घोगरा, की ससे हसून गडबडा लोळत.

एकदा राजाच्या बागेतला पोपट आला. म्हणाला, "काय हे खाकरणं! हाळीचं काम मला द्या. बागेत बसून मी एकटाच बारा रानांना गोड आवाजात बातम्या सांगेन."

हरणं लगेच भुलली.

विद्यापीठाची मुख्य साळूबाई साळिंदर म्हणाली, "देऊ की! अट एकच. पोपटराव, हाळी देणाऱ्यानं याच झाडावर राहायचं."

"पण इथं बिबट्या चढतो ना?"

"चढतो तर! परवाच वानराची शेपटी थोडक्यात वाचली."

पोपटाला एकदम बागेतले पेरू आठवले. तो उडाला तो उडालाच.

हरणं खजील झाली. वानर हसत म्हणाला, "बायांनो, आवाज माझा वाईटच आहे. पण बिबट्या आला, की पहिला मीच सापडणार. म्हणून तर माझी हाळी कधी उशिरा येत नाही."