पाठीचं लोखंड

ड्यूक ओटबर्टच्या नव्या चिलखताच्या पाठीतून बाण आरपार गेला आणि ते घडवणाऱ्या लाम्पर्ट लोहाराला बेड्या पडल्या.

खरं तर पहिला बाण छातीवर मारला होता. खटक्याच्या जड धनुष्यातून सुटलेला तो बाण आपटून खाली पडला आणि पत्र्यावर नुसता पोचा उठला. असा पोचा म्हणजे चिलखत पारखून घेतल्याची खूण. सरदार लोक तो मोठ्या ऐटीत मिरवत. शहाण्या माणसाने तिथेच थांबावं, पण ड्यूक म्हणाले, "आता पाठीवर मारा."

"चोर!" बाण पलीकडे निघालेला पाहून ते गरजले. "पुढे जाड पत्रा आणि मागे पातळ? माझं लोखंड गिळलंस?"

"महाराज, सगळेच लोहार असं करतात. दोन्हीकडे जाड पत्रा घातला तर वजन कुठल्या कुठे जाईल."

"वजन गुंजभरही वाढता कामा नये. आणि पाठ छातीइतकीच भक्कम हवी. वसंतातल्या खेळांच्या दिवशी तुझ्या घरच्यांनी ते करून आणावं, नाहीतर तू जन्मभर तळघरात."

घरच्यांनी म्हणजे हेड्विगने. लाम्पर्टच्या घरात या लेकीशिवाय होतं कोण?

ती थंड भट्टीपाशी बसून राहिली. ड्यूकच्या खापरपणजोबांनी लोखंडी कड्यांची जाळी अंगात घालून लढाया मारल्या होत्या. पुढे बाण कड्यांतून शिरू लागले, तेव्हा पणजोबांनी छातीवर पत्रा बांधला. मग शत्रू गुडघ्यावर मारू लागला, म्हणून गुडघ्याला लोखंडी वाटी आली. मग कोपर झाकलं, मान झाकली, शेवटी एकेक बोटसुद्धा. लोखंड वाढत गेलं आणि आतला माणूस पिढीगणिक घाबरट होत गेला, असं लाम्पर्ट म्हणायचा. अर्थात घरातल्या घरात. ते आठवून हेड्विगला हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं. बाप तळघरात ओलीत झोपत असेल, या विचाराने तिचा जीव तुटत होता.

खेळांच्या दिवशी ती चिलखत घेऊन मैदानात आली. पाठीचं भोक तिने बुजवलं होतं, बाकी काही केलं नव्हतं. शेजारच्या संस्थानांतले पाहुणे जमले होते आणि भाट ओटबर्टच्या शौर्याचे गोडवे गात होता. तिने चिलखत लाकडी खुंटावर चढवलं आणि त्याचं तोंड धनुर्धाऱ्याकडे केलं.

"वजन?" ड्यूकने विचारलं. काटा लावला, तर ते पूर्वीइतकंच भरलं.

"आणि पाठ?"

"पारखून घ्या, महाराज. फक्त लढाईत असतं तसंच पारखायचं. हा धनुर्धारी म्हणजे शत्रू आणि चिलखताच्या आत तुम्ही, असं समजायचं."

"मंजूर."

"मार दादा, पाठीवर," हेड्विग म्हणाली.

धनुर्धाऱ्याने धनुष्य उचललं आणि पुन्हा खाली केलं. "पाठ दिसतेय कुठे? तोंड माझ्याकडे आहे."

"मग फिरव ते," ड्यूक हेड्विगवर खेकसले.

"मी कशी फिरवू, महाराज? आत तुम्ही आहात. लढाईत तुम्ही कोणत्या वेळी फिरता तेवढं सांगा, म्हणजे त्या वेळी फिरवते."

भाट गाता गाता थांबला. गेल्या शरदातल्या लढाईतून महाराज दिवस मावळायच्या आत घरी जेवायला पोचले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते फक्त गाण्यात नव्हतं.

पाहुणे कान टवकारून बसले. ओटबर्टचा चेहरा लालबुंद झाला. "मी? मी कधीच फिरत नाही."

"मग पाठीला बाण लागायचाच नाही. म्हणजे ती छातीहून भक्कम झाली, महाराज, आणि वजनही वाढलं नाही."

पाहुण्यांत हशा पिकला. मग ड्यूकलाही हसणं भाग पडलं. हसता हसता त्यांनी हेड्विगला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, मी काही फिरत नाही. पण समजा, घोडाच फिरला तर? जनावराचा काय भरवसा."

"मग पाठ जाड करून देते, महाराज," तीही हळूच म्हणाली. "फक्त घोडा मंदावेल."

ड्यूकने डोळे मिटून गेल्या शरदातली ती लढाई मनातल्या मनात पुन्हा एकदा लढून पाहिली.

"नको," ते म्हणाले. "पातळच राहू दे."

आणि आता ते मनापासून हसले, पोट धरधरून हसले. त्याच भरात त्यांनी लाम्पर्टच्या बेड्या काढायला लावल्या आणि भट्टीच्या कोळशासाठी आपल्या जंगलातली लाकडं त्याला कायमची देऊन टाकली. अट एकच घातली. घोड्याबद्दल जे बोलणं झालं, ते भाटाच्या कानावर जायचं नाही.