समासातलं नाव

“...पण वर्तमानपत्रच का, बाबा? मठात एवढ्या पोथ्या आहेत. अंकलिपी तर मी स्वतः लिहून देतो.”

हेरंब काशीहून शास्त्र शिकून आला होता. दीक्षा मागायला. दर्यानाथ बाबांनी त्याला मंत्र दिला नाही. दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या बायकांना वाचायला शिकव म्हणाले, आणि वाण्याकडून आणलेला रद्दीचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला.

“यात आहे काय? चोऱ्या, मारामाऱ्या, अपघात. माणसाच्या ओठी येणारं पहिलं अक्षर तरी पवित्र असावं.”

“तू वाचलंस का?”

“वर्तमानपत्र कोण वाचतं, बाबा? चाळतात.”

बाबा धुनीतलं लाकूड पुढे सारत राहिले.

हेरंब शिकवू लागला. मन नव्हतं, पण शिकवत होता. बायका ठळक मथळ्यांवर बोटं ठेवून अक्षरं जुळवू लागल्या.

एका संध्याकाळी गठ्ठा उलगडताना त्याचा हात थबकला. कोपऱ्यात छोटी बातमी होती...

दुर्गव्वा भिंतीला टेकून बसली होती. लेकाचे दिवस उरकून आज पुन्हा शिकायला आली होती.

हेरंबनं तो कागद घाईघाईनं मांडीखाली सारला.

“तो दे,” मागून बाबा म्हणाले.

“बाबा... तिच्यासमोर?”

“तिचाच आहे.”

हेरंबनं कागद तिला दिला. दुर्गव्वानं तो जमिनीवर पसरला. दगड फोडून घट्टे पडलेलं बोट अक्षरांखालून सरकू लागलं.

“खा... णी... त... सु... रुं... ग...”

बाकीच्या बायका जवळ सरकल्या.

“फु... टू... न... दो... न... का... म... गा... र...”

शेवटचा शब्द तिनं जुळवला नाही. नुसता बघत राहिली. मग एका दमात म्हणाली, “ठार.”

खालच्या चार ओळीही तिनं वाचल्या. कुणी तिला थांबवलं नाही. वाचून झाल्यावर कागद उलटून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

“गुरुजी, नाव कुठं हाय?”

“नाव... छापलेलं नाही, दुर्गव्वा.”

“मग वाचणाऱ्याला कसं कळायचं, हा माझा नरसू म्हणून?”



दुर्गव्वानं धुनीच्या कडेचा विझलेला कोळसा उचलला. बातमीशेजारच्या कोऱ्या समासात लिहू लागली. तिनं आजवर पाटीवर गिरवलं होतं. आपल्या मनानं काही लिहिलं नव्हतं.

नरसु.

सु ऱ्हस्व झाला होता. दुरुस्त करायला हेरंबचा हात पुढे गेला... आणि तसाच मागे आला.

दुर्गव्वानं पदरानं डोळे पुसले. उठली. बायका तिच्याबरोबर निघाल्या. वाटेवर त्यांचं रडणं ऐकू येत राहिलं... मग तेही ऐकू येईना.

हेरंबनं कागद दोन्ही हातांनी उचलला. कपाळाला लावला. पोथ्यांच्या रेशमी बासनात ठेवायला वळला.

“काय करतोस?”

“जपून ठेवतो, बाबा. आज मला वाचायला आलं.”

बाबांनी त्याच्या हातातला कागद घेतला. बातमीवर बोट ठेवलं.

“हा शब्द वाच.”

“दोन.”

“जा. दुसऱ्याचं नाव विचारून ये.”