एकवीस निशाणं

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता आणि त्याला आपल्या कुळाच्या निशाणाचा भारी तोरा होता. निशाणावर चंद्रकोर, भाला आणि गरुड. एके दिवशी भर दरबारात एका जादूगाराने विचारलं, "राजा, याचा अर्थ काय?"

"आम्ही सांगू तो," राजा म्हणाला.

जादूगाराने तिथल्या तिथे राजाचे पाय दगडाचे केले. "तुझ्या वंशातल्या कुणीतरी खरा अर्थ सांगावा. संधी तीन. तिसरी चुकली, की राजा सबंध दगड."

राजकन्या हेमलेखा गोंधळली. त्या निशाणाखाली लहानाची मोठी झालेली पोर, पण अर्थ तिला कधी कुणी सांगितलाच नव्हता. राजभाट म्हणाला, "चंद्रवंश, पराक्रम, वेग." तिने तेच सांगितलं आणि दगड कमरेपर्यंत चढला. राजपुरोहित म्हणाला, "शीतलता, राजदंड, विष्णुभक्ती." दगड गळ्याशी आला. दोघेही छातीठोकपणे सांगत होते, दोघेही चुकले होते. बिचारीला काही सुधरेना. बाप नुसता डोळ्यांनी बघत होता आणि तिला रडू आवरत नव्हतं.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "माणसांना काय विचारतेस? निशाणांना विचार."

त्या घराण्याची रीतच अशी, की दर राज्याभिषेकाला नवं निशाण भरायचं, तेही आधीच्यावरून बघून, आणि जुनं पेटीत जपून ठेवायचं. हेमलेखेने पेटीतली एकवीस निशाणं एकेक करून उलगडली. मागे जावं तसं भाल्याचं टोक गेलं, गरुडाची मान लांबली, चंद्रकोर आडवी झाली. राजाला खूश करायला दर कारागिराने दोन टाके जास्तीचे घातले होते. सर्वांत जुन्या निशाणावर एक होडी, ती ढकलायचा वेळू आणि एक बगळा. आपण भलतीच पेटी उघडली, असं तिला वाटलं.

"पुरात याच होडीने गाव तारलं," साळुंकी म्हणाली. "लोकांनी नावाड्याला राजा केलं."

खरं ठरलं तर घराण्याचा तोरा जाणार, खोटं ठरलं तर बाप. हेमलेखा दरबारात उभी राहिली.

"तात, आपण नावाडी."

दगड उतरला. राजाने पहिला श्वास घेतला आणि विचारलं, "लेकी, तुला होडी चालवता येते?"

"नाही, तात."

"मलाही नाही," असं म्हणून राजाने मुकुट काढून ठेवला आणि तो नदीची वाट चालू लागला.

तेव्हापासून त्या राज्यात नेम पडला: आधी शंभर माणसं पैलतीरी न्यावीत, मगच गादीवर बसावं.