घारींनी बांधलेली घरटी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे, मी तिथेच होतो. म्हणजे तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, पण ते असो. घारी आणि कावळ्यांच्या लढाईत सुगरणींची सगळी घरटी तुटली. जिंकलेल्या घारींची पलटण ती बांधून द्यायला थांबली आणि तिने आपल्या सवयीने जाड काटक्यांची उघडी घरटी रचली.

"हवालदार, आमचं घरटं झाकलेलं, लोंबतं असतं," एक सुगरण म्हणाली. "गवत आणू द्या, आम्हीच विणतो."

"पहाऱ्याबाहेर जायचं नाही, बाई," हवालदार घार म्हणाली. "आणि आम्ही असताना छप्पर हवंय कशाला?"

सुगरणीने त्यातच तीन अंडी घातली. आठवड्याने पलटणीला दुसऱ्या रानात जायचा हुकूम आला. घारी उडाल्या आणि तासाभरात कावळे उतरले.

जाताना हवालदार घारीने एकदा मागे वळून पाहिलं, असं मी नेहमी सांगतो. तेवढं मात्र माझ्या पदरचं आहे.