झाकायची चकाकी

नाशकात एकदा एका शिष्येने आपल्या गुरूंशी अबोला धरला. शिष्या काही लहान नव्हती. मिथिला हिर्लेकर हे नाव शहरातल्या चांगल्या वास्तुविशारदांमध्ये घेतलं जात असे. गुरू होते नीळकंठराव गुर्जर, सगळ्यांचे आप्पा. तंत्रनिकेतनात रेखांकन शिकवून ते निवृत्त झाले होते आणि प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती घडवण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांच्याकडे शिकायला येणारी माणसं मोजकीच, कारण आप्पा सावकाश शिकवीत आणि घाई करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवीत.

अबोल्याचं कारण होतं एक विमान.

मिथिलाचे मामा यशवंतराव हवाई दलात वैमानिक होते. तरुणपणी ते हंटर जातीचं लढाऊ विमान उडवीत. आता त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस जवळ आला होता, पण घरात उत्साह असा नव्हताच. मामी गेल्यापासून मामा बोलेनासे झाले होते. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायचं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायचं. "करा काय करायचं ते," एवढंच ते समारंभाविषयी म्हणाले होते. ज्या विमानाच्या गोष्टी सांगताना एके काळी मामांना जेवणाचं भान राहत नसे, तेच विमान, त्याच क्रमांकासह, त्यांच्या हातात द्यायचं असं मिथिलाने मनाशी ठरवलं.

तिने जीव ओतून काम केलं. पंखांवरचे हिरवे-करडे पट्टे असे उतरले, की आप्पासुद्धा चष्मा काढून जवळून बघत राहिले. रंग युद्धातल्या विमानाला साजेसा, निस्तेज आणि गंभीर. आता फक्त क्रमांक, पंखांवरची तिरंगी वर्तुळं अशी चिन्हं लावायची उरली होती. ही चिन्हं अतिशय पातळ पापुद्र्यावर छापलेली असतात. पाण्यात भिजवून ती कागदावरून अलगद विमानावर सरकवायची. मिथिलाने घरीच शेपटीजवळ मामांच्या विमानाचा क्रमांक लावला. तो वाळल्यावर ती बघते तो काय, आकड्यांभोवती पांढुरका डाग उमटला होता, थंड काचेवर वाफ धरावी तसा. पापुद्र्याची कड लांबूनही दिसत होती.

ती तशीच आप्पांकडे धावली. "आप्पा, बघा ना! सगळं नीट झालं आणि नेमका मामांचा नंबर असा दिसतोय. चिकटवलेल्या लेबलासारखा!"

आप्पांनी तो क्रमांक हलकेच उचलून काढून टाकला. चिन्हांचे दोन संच छापून घेतले होते म्हणून बरं.

"आता याला चकाकी देऊ," ते म्हणाले.

मिथिलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "चकाकी? आप्पा, लढाऊ विमान आहे हे. ते शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून तर असं रंगवतात."

"हो. तरी द्यायची. अगदी आरशासारखी."

गुरूंचा शब्द मोडायचा नाही म्हणून तिने पिशवीतून एक बाटली काढली. परदेशातल्या मावसभावाने पाठवलेलं पारदर्शक लॅकर होतं ते. वास उग्र, पण वाळल्यावर काचेसारखं कठीण होणारं. आप्पांनी तिच्यापुढे एका मोडक्या विमानाचा पंख ठेवला. त्यावर तिच्या विमानाचाच इनॅमल, म्हणजे तेलाचा रंग होता. "आधी यावर मार," ते म्हणाले. तिने मारलं. पंख असा काही झळकला, की ती मनात म्हणाली, याच्यापुढे दुसरं काय हवं? पण समोरचा चहा निवायच्या आत पंखावरचा रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुतला.

"लेप उत्तम आहे," आप्पा म्हणाले, "पण खालच्या रंगाला तो सोसत नाही. लेप निवडताना बाटलीकडे मागाहून बघावं. त्याच्याखाली काय आहे, ते आधी बघावं."

मग त्यांनी कपाटातून पाण्यात विरघळणारा, सौम्य ग्लॉस, म्हणजे चकाकीचा लेप काढला. तरी त्या दिवशी त्यांनी फवारणी केलीच नाही. आभाळ भरून आलं होतं आणि दमट हवेत लेप धुरकट होतो, असं त्यांचं म्हणणं. लख्ख ऊन पडलं त्या दिवशी त्यांनी मिथिलाला बोलावलं, हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला आणि बारीक फवारा उडवणाऱ्या एअरब्रशने पहिला हात फिरवला. तो इतका हलका होता, की विमानावर जेमतेम दवासारखे कण दिसले.

"अजून थोडं द्या की, आप्पा. असं किती वेळ चालणार?"

"एकदम दिलं तर ओघळेल. पत्र्यांच्या सांध्यांच्या या बारीक रेषा बुजतील आणि तुझं विमान साबणाच्या वडीसारखं दिसायला लागेल."

हा थर वाळला, मग दुसरा, मग आणखी एक. प्रत्येक वेळी आप्पा विमान उजेडात तिरकं धरून बघत आणि मान हलवीत. संध्याकाळपर्यंत ते विमान नखशिखांत झळाळू लागलं. खोलीतला दिवा त्याच्या पंखात दिसत होता. मिथिलाला ते बघवेना. ते करडं गांभीर्य, तो रणांगणावरचा रंग, सगळं नाहीसं झालं होतं.

"इतके दिवस खपून मी याला खरं विमान केलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं जत्रेतलं खेळणं केलंत, आप्पा."

"वाळू दे. मग ये."

"निदान का केलंत, ते तरी सांगा!"

"आत्ता सांगितलं तर नुसतं ऐकशील. वाळल्यावर हाताला कळेल."

ती उठून गेली. त्यानंतर तिने आप्पांचे फोन घेतले नाहीत. दुसऱ्या कुणाकडून नवं विमान मागवावं, नाहीतर मामांना सरळ एक शाल द्यावी, असे विचार मनात येऊन गेले. पण शाल हातात घेऊन बसलेले मामा तिच्या डोळ्यांसमोर आले. ते शालीकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. समारंभ तोंडावर आला होता. शेवटी राग गिळून ती आप्पांच्या दारात उभी राहिली.

आप्पांनी गेल्या दिवसांचा विषयही काढला नाही. टेबलावर विमान तयार होतं, शेजारी कोमट पाण्याची वाटी आणि चिन्हांचा दुसरा संच. "बस," ते म्हणाले, "नंबर तूच लाव."

मिथिलाने श्वास रोखून क्रमांक शेपटीजवळ सरकवला. तो त्या गुळगुळीत पृष्ठभागावर असा सहज फिरला, की तिला हवा तिथे, हवा तसा बसवता आला. तिने मऊ कुंचल्याने पाणी टिपलं. पापुद्रा खाली टेकला आणि दिसेनासा झाला. उरले फक्त आकडे. पंखावरचं तिरंगी वर्तुळही तसंच बसलं. त्याच्याखालची पत्र्याची बारीक रेषा वर्तुळातून जशीच्या तशी दिसत होती. ती बघतच राहिली.

मग आप्पा बोलले. "निस्तेज रंग डोळ्यांना सपाट वाटतो, पण तो असतो खडबडीत. त्याच्या खळग्यांत हवा दडून राहते, आणि चिन्हाखालून तीच पांढरी दिसते. तुझा पहिला नंबर चिकटला होता, पण टेकला नव्हता. ही चकाकी बघणाऱ्यासाठी नाहीच, मिथिला. ती नंबरासाठी आहे. त्याला टेकायला सपाट जागा मिळाली, तिचं काम झालं. आता ती आपणच झाकायची. पण पुढे झाकायची आहे म्हणून आज ती कशीबशी उरकली, तर नंबर तुला ते उघड सांगतो."

मिथिलाने स्वतः एअरब्रश उचलला. चिन्हांवरून ग्लॉसचा आणखी एक हलका हात दिला, अगदी आप्पांसारखा, दवाइतका. तो पुरता वाळल्यावर सगळ्या विमानावर चमक मारणारा मॅट लेप दिला. ओला असेतो तो चमकला. मग तो वाळत गेला आणि तिच्या डोळ्यांदेखत झळाळी मावळली. करडं गांभीर्य परत आलं. पण आता क्रमांक विमानावर लावलेला वाटत नव्हता, तो विमानाचाच झाला होता.

समारंभाच्या दिवशी ओवाळणं झालं, भाषणं झाली. मामा शून्यात बघत बसले होते. मिथिलाने विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, क्रमांक वाचला, आणि त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी अंगठ्याचं नख त्या आकड्यांवरून ओढलं.

"मामा, जपून!" मिथिलाच्या तोंडून निघून गेलं.

"ओढू दे," मागच्या खुर्चीवरून आप्पा म्हणाले. "हाताळायलाच केलंय."

मामांनी पुन्हा एकदा नख ओढलं. मागून पुढे, पुढून मागे. "हा चिकटवलेला नाही," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "रंगवलाय! आमच्या विमानावर असाच रंगवला होता. हात फिरवला तर कळायचा नाही."

आणि ते उभे राहिले. विमान तळहातावर धरून त्यांनी हात वर नेला, मनगट वळवलं, विमान एका अंगावर कललं. "डाव्या पंखाला गोळी लागली होती. इथे. असं हळूहळू, असं वळवत आणलं त्याला मी." मामा बोलत राहिले, दिवाणखान्यातल्या खुर्च्यांमधून विमान घेऊन फिरत राहिले, आणि माणसं त्यांना वाट करून देत राहिली. शेवटी त्यांनी विमान टेबलाच्या कडेवर अलगद उतरवलं तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की मांडवातले आचारीसुद्धा दारात येऊन उभे राहिले. मामा हसत होते. "जेवायला वाढा रे," ते म्हणाले, "भूक लागली!"

माणसं मिथिलाभोवती जमली. पट्टे कसे रंगवले, हिरवा रंग कुठे मिळाला, किती वेळ लागला, असं सगळं त्यांनी विचारलं. चकाकीविषयी कुणी विचारलं नाही, कारण ती कुणाला दिसलीच नव्हती. मिथिलाने गर्दीतून आप्पांकडे पाहिलं. ते जिलबी खाण्यात रमले होते. सांगावं, असं तिच्या मनात एकदा आलं, आणि मग लक्षात आलं की सांगायची गरजच उरली नाही. ती मोकळेपणाने हसली आणि मामांच्या पंगतीला जाऊन बसली.

आपल्या कामातली जी पायरी पुढे झाकली जाणार आहे, ती ज्याने मन लावून केली, त्याच्या कामावर कुणाचं नख अडकत नाही.