दिनकरचा डबा

"बाबा, उद्या दिनकरच्या पुतळ्याचं अनावरण, आणि त्याची आईच येत नाही म्हणते. आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं काय?"

येरळा नदीकाठच्या मठात गोसावीबाबा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. विंग कमांडर रेग्यांना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण गाऱ्हाणं घालायचं तेही हुकूम सोडल्यासारखं.

"काय म्हणती माउली?"

"म्हणते, तीस वर्षं येतोस आणि एकच सांगतोस, दिनू शूर होता. तो शेवटचं काय बोलला ते सांग, मग येते."

"मग सांगा की."

रेगे बाबांच्या पुढ्यातला कापूस उचलून पिंजू लागले.

एकाहत्तरच्या लढाईत रेगे बॉम्बफेकी विमान चालवत आणि दिनकर पिसाळ त्यांना वाट सांगे. चोवीस वर्षांचं पोर. एका हल्ल्याहून परतताना खालून गोळा लागला. रेग्यांनी विमान कसंबसं आणलं, पण दिनकर वाटेतच गेला.

"त्येचं तोंड आठवतं?" बाबांनी विचारलं.

"विमानात तो पुढे, खाली, नाकाडात पालथा पडलेला असे. मला दिसायचाच नाही. कानात नुसता आवाज... 'रेगेसाहेब, जरा डावीकडं घ्या.' मधूनच शीळ घालायचा. मी रागवायचो, तरी घालायचा. काय दिवस होते, बाबा!"

बाबा उठले. घाटाच्या चार पायऱ्या उतरले आणि ओल्या दगडावर चक्क पालथे झोपले. वरून ते दिसेनात.

"हां, साहेब," खालून आवाज आला. "काय म्हणाला त्यो?"

रेगे नदीकडे वळले.

"म्हणाला... 'आईच्या डब्यात दोन लाडू राहिलेत, साहेब. मुंग्या लागतील. खाऊन टाका.' बस्स. पुढे काही नाही... वीराचे शेवटचे शब्द म्हणून हे कोरायचं पुतळ्याखाली?"

"खाल्ले?"

"खाल्ले. त्याच्याच खाटेवर बसून, ढसाढसा रडत. त्याचं बाकी सगळं सामान घरी पाठवलं. डबा तेवढा पाठवायचा धीर झाला नाही. कुठल्या तोंडानं सांगू तिला, तुझ्या लेकाचे लाडू मी खाल्ले?"

"डबा कुटं हाय?"

"गाडीत आहे. दर वर्षी देईन म्हणून आणतो... आणि तसाच परत नेतो."

बाबा वर आले. कफनीचा चिखल झटकून त्यांनी पुन्हा कापूस हातात घेतला.

"आज द्या," ते म्हणाले. "फकस्त, साहेब... रिकामा दिऊ नगा."