अकराव्या पायरीवरची ओळ

विषय : मठाच्या घाटावरील अकराव्या पायरीवर कै. काशिनाथ टेंभेकर गुरुजी यांच्या स्मरणार्थ गुरुत्वाकर्षणाविषयी एक ओळ कोरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : गुरुजींचे चिरंजीव प्रा. उद्धव टेंभेकर यांचा अर्ज. सोबत मजकुराचा मसुदा, एक प्रत.

"आणि ही ओळ उद्या बदलली तर?" मठाच्या अप्पास्वामींनी विचारलं.

अर्ज त्यांच्यासमोर चौरंगावर होता. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर नदीतला एक गोटा ठेवला होता.

प्राध्यापक सावध झाले. हा प्रश्न येणार, हे त्यांना एस.टी.त बसल्यापासून ठाऊक होतं. मठवाल्यांना विज्ञानाकडून एकच गोष्ट हवी असते : आपण चुकलो, अशी कबुली. आणि तीही शक्यतो लेखी.

"दगडात कोरलेली ओळ कशी बदलेल, स्वामी?"

"दगडाचं नाही विचारत. ओळीचं विचारतोय. वाच बघू."

स्वामी त्यांना चड्डीत पाहिल्यापासून ओळखत होते. त्यामुळे विभागप्रमुख असूनही इथे अरेतुरेच होतं.

प्राध्यापकांनी वाचलं. "वस्तूला कोणी ओढत नाही, वाकलेल्या अवकाश-काळात ती आपल्या सरळ वाटेने जाते."

"हे कधीपासून?"

"शंभर वर्षं होऊन गेली."

"त्याआधी?"

"त्याआधी सव्वादोनशे वर्षं पृथ्वी ओढत होती."

"आणि त्याच्याही आधी?"

"प्रत्येक वस्तू आपापल्या घरी जायची. दगड मातीकडे, धूर आभाळाकडे."

"हे बरं होतं," स्वामी म्हणाले. "मुक्कामाचं ठिकाण तरी कळत होतं. मग काय झालं?"

"लोकांनी मोजून पाहिलं. मग ओढ आली. दगड, चंद्र, भरती-ओहोटी, सगळ्यांना एकच नियम."

"ओढणाऱ्याची दोरी सापडली?"

"नाही. ओढ कशामुळे आहे ते मला सापडलेलं नाही, असं नियम मांडणाऱ्यानं स्वतःच लिहून ठेवलंय."

"आणि तरी सव्वादोनशे वर्षं चाललं?"

"सगळं वेळेवर यायचं, स्वामी. धूमकेतूसुद्धा."

"मग अडलं कुठे?"

"बुधापाशी. त्याची कक्षा हळूहळू फिरते. ते फिरणं शंभर वर्षांत नियमाच्या हिशेबापेक्षा अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढं जास्त भरायचं."

"एवढंसं?"

"एवढंसं."

"एवढ्यावरून आम्ही घड्याळसुद्धा दुरुस्तीला टाकत नाही."

प्राध्यापकांना हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याचा संशय आला. समोरच्याला हसवणारा माणूस निम्मा वाद जिंकलेला असतो, हे त्यांनी कॉलेजच्या सभांमध्ये पुष्कळदा पाहिलं होतं.

"आता ही तुझी ओळ," स्वामी म्हणाले. "ही कायम?"

"खरं सांगू?"

"खोटं सांगायला एवढ्या लांब कशाला येशील?"

"अणूच्या आतले नियम निराळे आहेत. त्यांचं आणि हिचं अजून जुळलेलं नाही."

"म्हणजे हंगामी."

"विज्ञानात सगळंच..."

"म्हणजे हंगामी."

आता पाठ करून आणलेलं भाषण काढायची वेळ झाली होती. "चूक सापडली की आम्ही ती दुरुस्त करतो, स्वामी. त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या पोथीत मात्र..."

"आठशे वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही."

"तुम्ही हेच म्हणणार, हे मला माहीत होतं."

"मला त्या न बदलण्याचाच फार संशय येतो," स्वामी म्हणाले.

भाषणाची उरलेली वाक्यं जागच्या जागी निकामी झाली.

खाली घाटावर पाथरवट नाव कोरून बसला होता. नावाखाली त्याने ओळीपुरती जागा सोडली होती. गुरुवारी वर्षश्राद्ध होतं.

"ओळ माझ्यासाठी नाही, अण्णांसाठी आहे," प्राध्यापक म्हणाले. "तेहतीस वर्षं त्यांनी सातवीला 'पृथ्वी ओढते' असं शिकवलं. निदान पायरीवर तरी चूक राहू नये."

"हे त्याला कोणी सांगितलं होतं?"

"काय?"

"चूक आहे म्हणून."

प्राध्यापकांनी नदीकडे पाहिलं.

त्यांनीच सांगितलं होतं. डॉक्टरेट नुकतीच मिळाली होती. गावच्या शाळेने त्यांना प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं, आणि सातवीच्या वर्गात अण्णा फळ्यावर तोच धडा लिहीत होते. पाहुण्याने पुढे होऊन त्यांच्या हातातला खडू घेतला होता. "अण्णा, पृथ्वी ओढत नाही." बेचाळीस मुलं बघत होती. अण्णांनी डस्टर उचलून फळा पुसून दिला होता, पाहुण्याला लिहायला जागा व्हावी म्हणून.

तो दिवस प्राध्यापकांनी कितीतरी वर्षं चांगल्या आठवणींत ठेवला होता.

"मी," ते म्हणाले.

स्वामी उठले. कोनाड्यातून त्यांनी वह्यांचा एक गठ्ठा काढला. पुठ्ठ्यांवर अण्णांचं वळणदार अक्षर होतं. कोणत्या दिवशी काय शिकवायचं, हे मास्तरने आधी लिहून ठेवायचं, ती टाचणवही. शाळेच्या कागदांत याहून निरुपद्रवी वस्तू नसेल. लिहिणारासुद्धा ती पुन्हा वाचत नाही. गुरुजींनी निवृत्त झाल्यावर सगळ्या वह्या मठात आणून दिल्या होत्या. का, ते स्वामींनी विचारलं नव्हतं.

त्यांनी एक वही उघडली. "घटक : गुरुत्वाकर्षण. पृथ्वी वस्तूला आपल्याकडे ओढते." निळी शाई. दुसरी वही. तेच वाक्य, तीच शाई.

"अशी चोवीस वर्षं," स्वामी म्हणाले. मग त्यांनी पंचविसावी उघडली.

पान पेन्सिलीने लिहिलेलं होतं. खोडून, पुन्हा लिहून कागद पातळ झाला होता.

"पृथ्वी वस्तूला आपल्याकडे ओढते, असे आजवर मानले आहे. उद्धवला विचारणे."

शेजारी तपासणी अधिकाऱ्याचा लाल शेरा होता : टाचण शाईनेच लिहावे.

सव्विसावी वही. पेन्सिल. वाक्य थोडं बदललेलं, आणि खाली : "उद्धवला विचारणे." लाल शेरा. सत्ताविसावी. पेन्सिल. लाल शेरा.

शेवटच्या वहीपर्यंत अधिकारी तीन बदलले होते. शेरा बदलला नव्हता, आणि पेन्सिलही.

"बाकीचे धडे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"शाईत."

"त्यांनी मला कधी विचारलं नाही, स्वामी."

"तू येत होतास?"

शेवटची वही प्राध्यापकांनी दोन्ही हातांनी मिटली, जपून.

ते म्हणाले, "मग मी काय कोरू? ओढते... की ओढत नाही?"

स्वामींनी अर्जावरचा गोटा उचलला आणि प्राध्यापकांच्या तळहातावर ठेवला. वजनाने हात किंचित खाली गेला.

वारा होताच. अर्ज फडफडला, सरकत चौरंगाच्या कडेला गेला. प्राध्यापकांनी घाईघाईने तो धरला, मागे ओढला आणि गोटा स्वतःच त्यावर परत ठेवला.

स्वामी ते पाहत होते.

"पेन्सिलीनं कोरता येईल असा दगड आण," ते म्हणाले.

गुरुवार होऊन गेला. अकराव्या पायरीवर नाव आहे, नावाखाली ओळीपुरती जागा आहे. अर्ज गोट्याखाली असून, प्रलंबित आहे.